एकाच भट्टीतले दगड

मॉरिशस म्हटलं की काय आठवतं? हनिमूनचं पॅकेज, निळं पाणी, पांढरी वाळू. फार तर डोडो. पण या बेटाचं आपल्या लोणी काळभोरशी नातं आहे असं सांगितलं तर? थापा नाही मारत. नातं आहे, आणि तेही दुहेरी: एक दगडाचं, दुसरं उसाचं.

आधी दगड. लोणी काळभोरला विहीर खणायला घ्या, माती संपली की काळा पाषाण लागतो. हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी असल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून आपलं दख्खनचं पठार झालं. बहुतेक भूशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की जमिनीच्या पोटातली ती भट्टी विझली नाही. वरचा भारत उत्तरेला सरकत गेला आणि मागे समुद्रात बेटांची माळ उठत राहिली. त्या माळेतलं मॉरिशस 80-90 लाख वर्षांचं, म्हणजे आपल्या मानाने शेंडेफळच! सव्वादोनशे किमीवरच्या रियुनियन बेटावर तीच भट्टी अजून धगधगते आहे.

बेट तसं छोटं. क्षेत्रफळ 1,865 चौ. किमी, पुणे जिल्ह्याच्या जेमतेम आठवा हिस्सा. सगळ्यात उंच शिखर 828 मीटर, म्हणजे सिंहगडापेक्षाही बुटकं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे ऋतू उलटे. आपण स्वेटर काढतो तेव्हा तिथे उन्हाळा सुरू होतो. पाऊसही उलटा. आपल्याकडे ढग पश्चिमेकडून येतात, सह्याद्रीवर रिते होतात आणि लोणीपर्यंत उरलंसुरलं पोचतं. तिथे वारे आग्नेयेकडून येतात, मधल्या पठारावर बरसतात आणि कोरडी राहते ती पश्चिम बाजू. शिवाय उन्हाळ्यात चक्रीवादळं. 1892 च्या एप्रिलमधल्या वादळात सुमारे 1,200 माणसं गेली.

आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दोनेक हजार किमी दूर. त्यामुळे इथे स्वतःहून पोचले ते उडणारे, तरंगणारे आणि वाहत आलेले जीव. जमिनीवर चालणारा एकही सस्तन प्राणी नाही. सस्तनांमध्ये फक्त वटवाघळं. शिकारीच नाही म्हटल्यावर कबुतराच्या कुळातला एक पक्षी उडणंच विसरला आणि जाडजूड झाला. तोच डोडो. 1598 मध्ये डच आले. मागोमाग उंदीर, डुकरं, माकडं. जमिनीवरची अंडी फस्त व्हायला लागली. डोडो दिसल्याची सर्वमान्य शेवटची नोंद 1662 ची. लाखो वर्षांचा हिशेब, 64 वर्षांत मिटला.

आणि 1639 मध्ये डचांनीच जावाहून आणला ऊस.

ऊस म्हटलं की आपले कान टवकारणारच. लोणी काळभोरच्या शेजारी थेऊरला साखर कारखाना, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. उसाला जमीन लागते, पाणी लागतं आणि माणसं लागतात. मॉरिशसमध्ये जमिनीसाठी जंगल गेलं. एबनीची झाडं तर आधीच लाकडासाठी संपत आली होती. आज चांगल्या स्थितीतलं मूळचं जंगल 2 टक्क्यांहून कमी उरलंय. माणसं आधी गुलाम म्हणून आणली. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, पण त्याच्या आदल्याच वर्षापासून भारतातून करारावर मजूर आणणं सुरू झालं होतं. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांवर लोक गेले. बहुतेक बिहारकडचे, पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले आपले मराठी लोकही होते. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम होता. 'डबल कट' म्हणायचे त्याला.

तिकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात, की मजूर गोळा करणाऱ्यांनी थाप मारली होती: त्या बेटावर दगड उचलला की खाली सोनं सापडतं. दगड मात्र खरोखरच उचलायला लागले. लाव्ह्याच्या जमिनीत ऊस लावायचा तर आधी धोंडे वेचायला हवेत. ते रचून केलेले काळे ढिगारे उसाच्या शेतांमध्ये आजही दिसतात. सोनं निघालं ते मळेवाल्यांसाठी.

आता हा योगायोग बघा. कोकणातला माणूस ज्या काळ्या कातळावर वाढला, तो सोडून समुद्रापार गेला आणि तिथे वाकून उचलला तोही त्याच भट्टीतला दगड. त्याला हे कळायची काहीच सोय नव्हती.

पश्चिमेच्या त्या कोरड्या भागातल्या कास्काव्हेलसारख्या गावात आज मराठी वंशाची कुटुंबं आहेत. गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. डोडो परत येणार नाही. पण तिथला ससाणा 1974 मध्ये जेमतेम 4 उरला होता, तो माणसांनीच खटपट करून शेकड्यांत नेला. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

तेव्हा पॅकेजवाल्यांनो, बीचवर जरूर लोळा. पण अर्धा दिवस काढून पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर जा. 2006 पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. जहाजातून उतरलेले मजूर ज्या पायऱ्या चढून बेटावर आले, त्या तिथे अजून आहेत. काळ्या दगडाच्याच.