तारीख आणि दिनांक : मुलांच्या शब्दांचा जुना इतिहास

चौथीतल्या मुलासमोर एक वाक्य ठेवा : ‘सभेस ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते.’ उर्दू माध्यमातलं मूल असेल तर ते जोडाक्षरं सांभाळत, थांबत थांबत वाचेल, पण बरोबर वाचेल. मग विचारा, ‘सभेला कोण आलं होतं?’ बऱ्याचदा मूल गप्प बसतं. आता तेच वाक्य बदलून द्या : ‘सभेला गावातली पुष्कळ माणसं हजर होती.’ उत्तर लगेच येतं. अक्षरओळख दोन्ही वेळा तेवढीच होती. फरक पडला तो शब्दांमुळे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. आमच्या नारायणगाव-जुन्नर भागातल्या मुस्लिम घरांतलं मूल सकाळपासून रात्रीपर्यंत चार भाषांमधून फिरतं. घरात दखनी, गल्लीत आणि बाजारात मराठी, मदरशात अरबी, शाळेत उर्दू. एवढं सगळं पेलणाऱ्या मुलाला आपण ‘भाषेत कच्चा’ असा शेरा देतो, तेव्हा नेमकं काय कच्चं आहे हे आधी पाहायला हवं.

वाचनाच्या अभ्यासकांनी हा प्रश्न सोपा करून मांडला आहे. गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये सांगितलं की आकलन दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतं : अक्षरांवरून शब्द उलगडणं आणि ती भाषा ऐकून समजणं. गुणाकार म्हटल्यावर एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्यच. आपल्याकडे पहिल्या बाजूवर खूप मेहनत झाली. २००५ पासून ‘असर’ अहवाल मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला लावून मोजमाप करतो, आणि त्यामुळे खेड्यापाड्यातल्या मुलांच्या वाचनाची चर्चा तरी सुरू झाली. पण उतारा मोठ्याने वाचता आला म्हणजे समजला, असं धरून चालता येत नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत यात आणखी एक पदर आहे. मदरशात मूल नाझरा शिकतं, म्हणजे कुरआन शुद्ध उच्चारांत, तजवीदच्या नियमांनी वाचायला शिकतं. ती स्वतंत्र विद्या आहे, तिची अदब आहे, आणि तिथे अर्थ नंतर येतो. पण त्यामुळे मुलाच्या मनात ‘वाचणं म्हणजे न अडखळता म्हणणं’ हे पक्कं बसतं. शाळेतलं वाचन वेगळं असतं, तिथे प्रत्येक ओळीला ‘म्हणजे काय?’ विचारायचं असतं, हे कुणीतरी मुलाला उघड सांगावं लागतं. ते काम शिक्षकाचं आणि घरातल्यांचं आहे.

आता इतिहासाकडे येते. मुलांना शब्द कसे द्यायचे, हा प्रश्न या देशात नवा नाही. मकतबांमध्ये शतकानुशतकं ‘खालिकबारी’ नावाची छोटी पुस्तिका पाठ करून घेत. तिच्यात अरबी-फार्सी शब्द आणि त्यांचे हिंदवी अर्थ पद्यात गुंफलेले आहेत. परंपरा ती अमीर खुसरोंच्या नावावर सांगते. हाफिज महमूद शिरानी या संशोधकांनी मात्र तिचा कर्ता नंतरच्या काळातला असल्याचं मांडलं. कर्ता कुणीही असो, पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. नवा शब्द एकटा शिकवायचा नाही, मुलाच्या घरच्या शब्दाचा हात धरून शिकवायचा. पाठशाळांमध्ये अमरकोश पाठ करून घेत, तोही पद्यात आणि विषयवार वर्गांत.

या दोन्ही परंपरांची आठवण करून देणारा तिसरा ग्रंथ आपल्या मातीतला आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला, आणि शिवनेरीच्या पायथ्याचं जुन्नर त्यावेळी निजामशाहीत होतं. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने आपला जम आधी जुन्नरलाच बसवला होता. पुढे मलिक अंबरने निजामशाहीची राजधानीही काही काळ जुन्नरला आणली. दप्तराची भाषा फार्सी, रयतेची मराठी. दोन्ही एकाच चावडीवर रोज भेटत होत्या, म्हणून मराठीत हजारो फार्सी-अरबी शब्द आले. राज्याभिषेकानंतर महाराजांच्या सांगण्यावरून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. त्याचं काम रघुनाथपंडितांकडे होतं. दहा वर्ग, सुमारे १४०० शब्द. कारभारातल्या फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय, आणि तेही पद्यात. पेशवा झाला प्रधान, मुजुमदार झाला अमात्य, सरनौबत झाला सेनापती.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोशाने ‘पेशवा’ला पर्याय दिला, आणि लोकांनी पुढच्या शंभर वर्षांच्या कारभारालाच ‘पेशवाई’ हे नाव दिलं. नवा शब्द आला, जुना गेला नाही. मराठीत दोन थर तयार झाले.

विसाव्या शतकात हे पुन्हा घडलं. १९२०च्या दशकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ सुरू केली आणि ‘तारीख’साठी ‘दिनांक’, ‘हजर’साठी ‘उपस्थित’ अशा शब्दांचा आग्रह धरला. त्याच काळात, १९२५ मध्ये, कवी माधव जूलियन यांचा फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. ते स्वतः फार्सीचे प्राध्यापक. मराठीत गझल रुजवणारा हा कवी नंतर भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता झाला. त्यांच्या मताशी आपण सहमत असू वा नसू, मराठीत आलेल्या फार्सी-अरबी शब्दांची एवढी कष्टाने केलेली यादी आजही आपल्या कामाला येते. त्याच्याही आधी, १८३१ मध्ये आलेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शब्द अरबी, फार्सी की संस्कृत, याची खूण शब्दापुढेच केलेली आहे.

या सगळ्याचा परिणाम वर्गात दिसतो. हजेरीपटावर ‘हजर’, अहवालात ‘उपस्थित’. बोलताना ‘मदत’, पुस्तकात ‘साहाय्य’. घरी ‘आवाज’, विज्ञानात ‘ध्वनी’. घरी ‘जमीन’, कवितेत ‘भूमी’. पाठ्यपुस्तक साहजिकच औपचारिक थराकडे झुकतं. ज्या घरात पुस्तकी मराठी बोलली जाते, तिथल्या मुलाला दोन्ही थर आपोआप मिळतात. आमच्या मुलाला, आणि शेतमजूर, ठाकर, महादेव कोळी कुटुंबांतल्या मुलालाही, वरचा थर शाळेतच भेटतो. म्हणून हा फक्त मुसलमान मुलांचा प्रश्न नाही.

पण खालचा थर ही मुलाची पुंजी आहे, तिच्यावरच वरचा थर चढवायचा. उर्दू शिकणाऱ्या मुलाकडे तर ही पुंजी भरपूर असते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात चक्कर मारा : बाजार, दलाल, हमाल, माल, वजन, किंमत, नफा, रक्कम, हिशेब. सगळे शब्द उर्दूच्या पुस्तकातही आहेत. शेतात जा : खरीप, रब्बी, हंगाम, जिरायत, बागायत. ‘खरीफ’ म्हणजे अरबीत शरद ऋतू, ‘रबी’ म्हणजे वसंत. परिसर अभ्यासातला धडा हे कळल्यावर निम्मा सुटतो. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात, तो ‘तमाशा’ही फार्सीतून आलेला आणि त्यातला ‘शाहीर’ म्हणजे आपला ‘शायर’. मूल हे ऐकतं तेव्हा त्याला मराठी परकी वाटत नाही.

सावध मात्र राहावं लागतं, कारण काही शब्दांनी प्रवासात अर्थ बदलला आहे. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, मराठीत पहिलवानांचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत ‘खुलासा’ म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. परीक्षेत या एका शब्दाने अख्खं उत्तर चुकतं. उर्दूत ‘राजीनामा’ म्हणजे समझोता, मराठीत नोकरी सोडण्याचा कागद. आणि ‘मशक्कत’ची म्हणजे कष्टांची आपल्या शेतकऱ्याने ‘मशागत’ केली. मूल असा शब्द चुकीचा समजतं, तेव्हा ते डोकं चालवत असतं. फक्त दुसऱ्या भाषेचा नियम लावत असतं. त्याला रागावण्याऐवजी शब्दाची गोष्ट सांगितली तर तो शब्द जन्मभर लक्षात राहतो.

वर्गात मी जे करते ते साधं आहे. भिंतीवर जोडशब्दांचा तक्ता : डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. आठवड्याला पाचच जोड्या, आणि प्रत्येक जोडीची दोन वाक्यं मुलांनीच करायची. ‘फसवे शब्द’ असा दुसरा तक्ता. रोज दहा मिनिटं मी गोष्ट वाचून दाखवते आणि मध्येच थांबून विचारते : हे कोण बोललं? का बोललं? आता काय होईल? उत्तर दखनीत आलं तरी चालतं. समजलं आहे की नाही, हे आधी पाहायचं. मराठी वाक्य त्यानंतर सगळे मिळून बांधतो. मूल ज्या भाषेत विचार करतं, ती बंद करून आकलन तपासता येत नाही.

पालकांसाठीही काम आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. दुकानाची पाटी, खताच्या पिशवीवरचा मजकूर, वीजबिल मुलाकडून वाचून घ्या आणि ‘म्हणजे काय?’ एवढंच विचारा. ज्या अम्मींना मराठी वाचता येत नाही, त्यांनी तर नक्की विचारावं. मुलाला समजावून सांगावं लागेल, आणि समजावून सांगितलेला शब्द मुलाचा स्वतःचा होतो.

शब्द कुठला आहे यावरून मोठ्यांनी शंभर वर्षं वाद घातले. मुलांना त्या वादात एक बाजू निवडायला लावू नये. ‘दिनांक’ येत नसेल तर मुलाला परीक्षेतला प्रश्न समजणार नाही, पुढे सरकारी अर्ज भरता येणार नाही. ‘तारीख’ पुसली तर आजीशी आणि बाजाराशी बोलण्याची वाट अडेल. उर्दूत ‘तारीख’ म्हणजे दिवसही आणि इतिहासही. या आठवड्याच्या तक्त्यावर पहिली जोडी मी हीच लिहिली आहे.