जुने इंजिन, नवे इंधन

मोटार म्हटली की पेट्रोल, हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसले आहे की, गॅसवर चालणारी गाडी ही अलीकडची युक्ती असावी असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. एतिएन लेन्वार याने १८६० साली पॅरिस येथे जे इंजिन चालवून दाखविले ते दिवाबत्तीच्या गॅसवर, म्हणजे दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर. ज्या फोर-स्ट्रोक इंजिनाचे वंशज आज रस्तोरस्ती धावत आहेत, ते निकोलाउस ओटोचे १८७६ चे इंजिनही गॅसवरच चालले. पेट्रोल मागाहून आले, आणि भरण्यास व नेण्यास सोयीचे म्हणून गादीवर बसले. तेव्हा जुने इंजिन गॅसवर चालेल काय, हा प्रश्न यंत्रशास्त्रापुरता केव्हाच सुटलेला आहे. राहिलेला प्रश्न असा की, त्यासाठी लागणारी व्यवस्था कोणी उभारावयाची आणि खर्च कोणी सोसावयाचा? मुंबईच्या व तिच्या उपनगरांच्या इतिहासात या प्रश्नाला तीन वेळा निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत.

पहिले उत्तर टंचाईने दिले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले, आणि १९४२ साली ब्रह्मदेश पडला तेव्हा तेथील तेलही गेले. मग मोटारींच्या पाठीशी उभ्या भट्ट्या दिसू लागल्या. भट्टीत लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळावयाचा, निघालेला वायू गाळून, थंड करून इंजिनाला द्यावयाचा, अशी ती रीत. या वायूचा जवळजवळ निम्मा भाग निरुपयोगी नायट्रोजन. ज्वलनशील भाग मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे विषारी. इंजिनाची शक्ती तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटे. चढावर गाडी धापा टाकी, आणि निघण्यापूर्वी भट्टी धरेपर्यंत उतारूंना ताटकळावे लागे. युद्ध संपून पेट्रोल सुटताच त्या भट्ट्या भंगारात गेल्या. निव्वळ अडचणीपोटी स्वीकारलेले इंधन अडचण सरली की टिकत नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

दुसरे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातून आले. तुर्भ्याच्या बाजूला माहुल येथे १९५४ व १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. खनिज तेल शुद्ध करताना प्रोपेन व ब्यूटेन हे वायू निघतात. बेताच्या दाबाखाली ते द्रवरूप होतात, आणि हाच आपला सिलिंडरमधला गॅस. बर्मा-शेलने १९५५ पासून तो ‘बर्शेन’ या नावाने मुंबईच्या घरांत पोहोचविला. मोटारीच्या दृष्टीने हे इंधन उत्तम. ते वायुरूपातच इंजिनात शिरते, म्हणून हवेशी नीट मिसळते; काजळी कमी धरते; त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलहून सरस असल्याने इंजिन ठोके देत नाही. लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या सुमारे तीन चतुर्थांश मिळते, हा त्याचा उणेपणा.

पुढे घरगुती गॅस सवलतीच्या दराने मिळू लागला, आणि मोहाला वाट मिळाली. देशभर अनेक ठिकाणी स्वयंपाकाचे सिलिंडर गाड्यांच्या डिकीत जाऊन बसले. हा वायू हवेहून जड असतो. गळला तर वर उडून न जाता तो डिकीत, गटारात, तळघरात साचतो, आणि मग एखादी ठिणगी पुरते. मोटारीसाठी बनविलेल्या टाकीत नळी तुटल्यास प्रवाह आपोआप थांबविणारी झडप असते, आणि ती टाकी सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच भरतात. घरच्या सिलिंडरात ही सोय कोठून असणार? कायद्याने या इंधनाला मोटारीत जागा दिली ती २००० साली. तोवर लोक चोरून तेच करीत होते, आणि चोरून केलेल्या कामाची तपासणी कोणी करीत नाही.

तिसरे उत्तर न्यायालयातून आले. १९७४ साली मुंबई हाय येथे समुद्रात तेल व वायू सापडला; पुढे तो नळाने उरणला आला. हा नैसर्गिक वायू शहराला पुरविण्यासाठी १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली. १९९९ साली स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या नागरिकांच्या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. परिवहन आयुक्त लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जुन्या टॅक्सी-रिक्षा एकतर स्वच्छ इंधनावर आणा, नाहीतर रस्त्यावरून काढा, असा दंडक आला.

ही आज्ञा ज्यांच्यावर येऊन पडली त्या गाड्या कोणत्या? मुख्यतः आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या, फियाट ११०० च्या वंशातल्या पद्मिनी. योगायोग असा की, फियाटच्या मायदेशी, इटलीत, मोटारी गॅसवर नेण्याचा धंदा जुना आहे. लांडी रेन्झो ही त्यातली नामांकित कंपनी १९५४ सालची. पद्मिनीचे १०८९ सी.सी.चे साधे इंजिन गॅसला सहज वश झाले. मात्र जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक शिसेयुक्त पेट्रोलच्या भरवशावर टिकत असे. गॅसमध्ये शिसे नाही, म्हणून बैठक झिजू लागते व कठीण धातूची बसवावी लागते. २०० किलो दाबाची जाड टाकी डिकी अडवून बसली आणि उतारूंचे सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले. किटचा पैसा टॅक्सीवाल्याने उभा करावयाचा, आणि पंप थोडे असताना रांगेत गेलेल्या तासांचे भाडेही त्यानेच बुडवावयाचे. हवा सर्वांची सुधारावयाची होती. पहिला हप्ता मात्र त्याने भरला. स्वस्त इंधनामुळे तो पुढे फिटला, हे खरे. परंतु श्वास घेणाऱ्या आपण सर्वांनी ते ऋण विसरू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. न्यायालयाने दोन्ही गॅसना मोकळीक दिली असताना मुंबईत नैसर्गिक वायू पुढे गेला, तर कोलकाता व बंगळूर येथील रिक्षा सिलिंडरच्या गॅसवर गेल्या. इंजिने तर सारखीच होती. मुंबईच्या दाराशी वायूचा नळ होता, त्यांच्या दाराशी तेव्हा नव्हता. परंतु नळाचा आधार हाच त्याचा धोकाही ठरतो. २०२५ च्या नोव्हेंबरात मुख्य वाहिनीला इजा झाली, वडाळ्याच्या केंद्राचा पुरवठा अडला, आणि उपनगरांतल्या रिक्षा पंपापुढे उभ्या राहिल्या.

२००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आता विजेवरच्या गाड्यांची पाळी आली आहे. अंधेरी-बोरिवलीत काय, किंवा घाटकोपर-मुलुंडमध्ये काय, नव्या इंधनाची घोषणा होईल तेव्हा आपण नागरिकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : ते भरावयाचे कोठे, त्याची तपासणी कोण करणार, आणि रिक्षावाल्याच्या पहिल्या हप्त्यात आपला वाटा किती? कोळशाच्या भट्टीच्या काळी हे विचारावयास कोणाला सवड नव्हती. आज आपल्याला ती आहे.