सुराबायातील मराठा पलटणी

राळेगणसिद्धीचे नाव घेतले की अडविलेले पाणी आणि सैन्यातून गावी परतलेले अण्णा हजारे आठवतात. पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. अशा कोरडवाहू मुलखातील तरुणाला लष्करातली भाकरी नेहमीच शेतातल्या भाकरीहून भरवशाची वाटत आली. आमच्या नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाण्यातून पाठीवर वाहून आणले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांच्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या व सहाव्या पलटणी त्याच वर्षी जावा बेटावर झुंजल्या. त्यांचे नाव मात्र कोणी काढीत नाही.

15 ऑगस्ट 1945 रोजी जपानने शरणागती जाहीर केली आणि दोनच दिवसांनी इंडोनेशियाने स्वातंत्र्य घोषित केले. जपान्यांना नि:शस्त्र करावे, छावण्यांत कोंडलेल्या युद्धकैद्यांना आणि डच स्त्रिया-मुलांना सोडवावे, या कामासाठी ब्रिगेडियर मॅलबी यांची 49वी हिंदी ब्रिगेड 25 ऑक्टोबरला सुराबाया बंदरात उतरली. काम दयेचेच होते. पण डच राजवट परत येणार, हा स्थानिकांचा संशय निराधार नव्हता, असे आम्हांस वाटते.

मॅलबींनी स्थानिक पुढाऱ्यांशी समझोता केला होता. 27 तारखेला मात्र वरिष्ठांच्या आज्ञेने विमानातून पत्रके पडली: शस्त्रे 48 तासांत खाली ठेवा. दुसऱ्या दिवशी शहर पेटले. आपले शिपाई लहान लहान तुकड्यांत शहरभर विखुरलेले होते. दारूगोळा संपला, तशी एकेक ठाणी पडली. शरण आलेल्या कित्येकांना ठार मारण्यात आले. मणिपुरात सांगशाक येथे मार्च 1944 मध्ये जपान्यांचा मारा सोसलेली चौथी पलटण युद्ध संपल्यावर इथे रक्तबंबाळ झाली. ब्रिगेडचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे 400 जण कामास आले नाहीत असे झाले.

सुकार्नो यांनी येऊन युद्धविराम घडविला. तरीही 30 ऑक्टोबरला इंटरनॅशिओ इमारतीत मराठ्यांची एक कंपनी जमावाने वेढली. तिथे समजूत घालायला गेलेले मॅलबी मोटारीतच मारले गेले. आधी गोळी कोणी झाडली, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. त्यानंतर पाचवी हिंदी डिव्हिजन आणली गेली आणि 10 नोव्हेंबरपासून शहरावर तोफा, जहाजे, विमाने यांनी मारा झाला. मेले ते बहुतांशी तिथलेच लोक.

स्वतः परतंत्र असलेल्या शिपायाने दुसऱ्या परतंत्र लोकांवर बंदूक रोखावी, ही त्या मोहिमेतली खरी वेदना. हिंदी सैन्य तिकडे वापरण्यास नेहरूंनी त्याच काळात जाहीर विरोध केला होता. काही हिंदी शिपाई पलटण सोडून इंडोनेशियनांना मिळालेही. बाकीचे हुकूम पाळीत राहिले. त्यांना दोष देणे आमच्या जिवावर येते.

10 नोव्हेंबर हा इंडोनेशियाचा वीरदिन. आमच्याकडे तो सबंध महिना मृतांच्या स्मरणाचा. ते मराठे बहुतेक आमच्या धर्माचे नव्हते, सुराबायाचे लोकही नव्हते. तरी येत्या 2 नोव्हेंबरच्या मिस्सात दोघांच्याही मृतांसाठी प्रार्थना करण्याचे आम्ही योजिले आहे.