भराव आणि बांध : मुंबई महानगर प्रदेशाच्या वाढीचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

मुंबईच्या वाढीचा इतिहास बहुधा 'सात बेटांचे एक शहर' या सूत्राने सांगितला जातो. समुद्रात भराव घालून बेटे जोडली गेली, रेल्वे आली, गिरण्या उभ्या राहिल्या आणि शहर उत्तरेकडे पसरत गेले, असा त्याचा क्रम असतो. हा क्रम चुकीचा नाही; मात्र तो अपुरा आहे. आजचा मुंबई महानगर प्रदेश बेटांपुरता मर्यादित नसून ठाणे, पालघर व रायगड या जिल्ह्यांतील विस्तीर्ण भाग त्यात समाविष्ट आहे. मुख्य भूमीवरील हा किनाराही बऱ्याच अंशी मानवी श्रमांतूनच घडलेला होता. तेथे भरतीचे पाणी हटविले गेले ते अभियंत्यांच्या भरावाने नव्हे, तर शेतकऱ्यांच्या बांधांनी. प्रस्तुत निबंधात या दोन्ही प्रक्रिया एकत्र पाहून, महानगराच्या वाढीत बांधाच्या जमिनीचे व ती कसणाऱ्या समाजाचे काय झाले, याचा विचार केला आहे.

भरावाचे शहर

१५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या अधीन प्रदेश पोर्तुगीजांना दिला. १६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये ती वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस देण्यात आली. महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील खिंडार बंद करणारा बांध १७८४ च्या सुमारास पूर्ण झाला. पुढे १८०५ मध्ये शीवचा व १८४५ मध्ये माहीमचा मार्ग तयार होऊन बेट साष्टीशी जोडले गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली आणि शहराच्या वाढीची दिशा निश्चित झाली.

या काळातच शहर स्वतःच्या गरजांसाठी बाहेरच्या प्रदेशावर अवलंबून राहू लागले. १८६० मध्ये साष्टीतील विहार तलावाचे पाणी मुंबईस मिळू लागले. १८९२ मध्ये तानसा व स्वातंत्र्यानंतर वैतरणा आणि भातसा या नद्यांपर्यंत ही मागणी पोहोचली. प्रशासकीय हद्द मात्र त्यामानाने उशिरा विस्तारली. १९५० मध्ये उपनगरे व १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत समाविष्ट झाला. महानगराच्या हद्दीपूर्वी त्याची गरज पुढे जाते, ही गोष्ट येथे प्रथम स्पष्ट होते.

बांधाचा किनारा

ठाणे खाडीच्या पूर्वेस, पनवेल व उरण परिसरात, किनाऱ्याचा इतिहास निराळा आहे. येथील आगरी, कोळी व अन्य कष्टकरी समाजांनी खाडीलगतच्या दलदलीत मातीचे बांध घालून खारजमीन लागवडीखाली आणली. बांधात ठेवलेल्या उघाडीची रचना साधी, परंतु अचूक होती. ओहोटीच्या वेळी शेतातील पावसाचे पाणी तीतून बाहेर पडे, तर भरतीच्या वेळी ती बंद होऊन खारे पाणी अडविले जाई. काही वर्षांच्या पावसाने मीठ धुऊन गेल्यावर तेथे भात पिके. जोडीला मिठागरे व मासेमारी होती. बांध फुटल्यास सर्वांचीच शेते खारावत असल्याने त्याची राखण हे सामूहिक कर्तव्य होते.

ब्रिटिश महसूल व्यवस्थेने या श्रमाची दखल घेतली होती. १८८३ च्या कुलाबा जिल्हा गॅझेटियरमध्ये अशा जमिनींच्या 'शिलोत्री' या धारणापद्धतीचा उल्लेख आढळतो. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने बांधांच्या दुरुस्तीस शासकीय आधार दिला. म्हणजेच ही जमीन 'पडीक' नव्हती. ती निर्माण केलेली जमीन होती.

मालकी आणि संपादन

ज्याने ही जमीन निर्माण केली, तो तिचा मालक मात्र नव्हता. खोत व सावकार यांच्या वर्चस्वाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला व तो सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्यास पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' या टप्प्यांनी कुळांच्या मालकीहक्काचा मार्ग मोकळा झाला.

याच सुमारास मुंबईची गर्दी मुख्य भूमीकडे वळविण्याचा विचार सुरू झाला होता. बर्वे समितीने १९५९ मध्ये ठाणे खाडीवर पूल व पलीकडे वसाहत सुचविली. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून जुळ्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी निश्चित झाले. संपादनासाठी वापरला गेला तो १८९४ चा कायदा.

येथे कालक्रमाकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे. कृषक दिन व सिडकोची स्थापना यांत अवघ्या तेरा वर्षांचे अंतर आहे. पिढ्यान्‌पिढ्या कूळ म्हणून कसलेली जमीन नावावर होते न होते तोच ती संपादनाखाली आली. शिवाय भरपाईचा मुख्य आधार सातबारा उतारा होता. मिठागरावरील मजूर, खाडीत मासेमारी करणारे व भूमिहीन यांची उपजीविका त्या उताऱ्यावर नोंदलेली नव्हती.

या असंतोषाचा स्फोट जानेवारी १९८४ मध्ये झाला. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर १६ व १७ जानेवारी रोजी जासई-न्हावाशेवा परिसरात गोळीबार होऊन पाच आंदोलकांचा बळी गेला. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्र विकसित भूखंडाच्या रूपाने परत देण्याचे धोरण स्वीकारले गेले. जमीन देणाऱ्याचा वाढीव मूल्यात वाटा असावा, हे तत्त्व त्यामुळे शासनमान्य झाले. देशातील भूसंपादनाच्या इतिहासात या लढ्याचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे.

वाढीचे आजचे स्वरूप

नवी मुंबईने काहीच साध्य केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७३ चा खाडीपूल, वाशीस स्थलांतरित झालेल्या घाऊक बाजारपेठा, १९८९ चे न्हावाशेवा बंदर आणि १९९२ ची मानखुर्द-वाशी रेल्वे यांनी प्रदेशाचे अर्थकारण बदलले. जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ३३.३८ लाखांवरून २०११ मध्ये ३०.८५ लाखांवर आली. याच दशकात तत्कालीन ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. वाढीचे केंद्र बेटावरून मुख्य भूमीकडे सरकले, हे यावरून सिद्ध होते.

लक्षणीय बाब अशी की, भरतीच्या पातळीखालील जमिनीवर शहर वसविताना सिडकोने धारण तलाव व झडपांची जी योजना केली, तिचे तत्त्व उघाडीचेच आहे. ज्ञान टिकले, ते ज्यांचे होते त्यांचे स्थान मात्र टिकले नाही. मूळ गावांतील कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही. परिणामी गरजेपोटी बांधलेली घरे 'अनधिकृत' ठरली आणि हा प्रश्न अर्धशतकानंतरही धुमसत आहे.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, तर ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. २०२४ मध्येच उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची नियुक्ती झाली. १९७० मधील प्रश्न आता आणखी दक्षिणेकडील गावांसमोर उभा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. एक, महानगराचा किनारा रिकामा नव्हता. भरावाइतकाच बांधही त्याचा निर्माता आहे. दोन, कूळकायद्याने दिलेला हक्क व भूसंपादनाने घेतलेली जमीन हे दोन विषय स्वतंत्रपणे अभ्यासले जातात, परंतु या प्रदेशात ते एकाच कुटुंबाच्या एकाच पिढीचे अनुभव आहेत. तीन, भरपाईचे प्रत्येक सूत्र कागदावरील मालकीपासून सुरू होत असल्याने श्रमाचा हक्क त्यातून निसटतो.

यास्तव नव्या संपादनापूर्वी गावोगावच्या बांधांची, उघाड्यांची, मिठागरांची व मासेमारीच्या जागांची नोंद होणे अगत्याचे आहे. महसुली दप्तर व वृद्धांच्या मौखिक साक्षी यांच्या आधारे हे कार्य परिसरातील महाविद्यालयांचे इतिहास व भूगोल विभाग विद्यार्थ्यांच्या साहाय्याने करू शकतात. बांध बुजल्यावर त्याची जागा दाखविणारा माणूसही फार काळ उरत नाही.