मानशीचे दार

'मानस' म्हटले की आम्हां साहित्याच्या विद्यार्थ्यांना मन आठवते, फार तर सरोवर. गोव्यात मांडवी-जुवारीच्या काठी मात्र मानस म्हणजे बांधातली लाकडी दारांची उघाडी. भरतीचे खारे पाणी ते दार लोटून बंद करते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने तेच उघडते. एवढ्या युक्तीवर खाजन शेती शतकानुशतके चालत आली: पावसाने मीठ धुऊन नेले की खारटपणातही तग धरणारे कोरगूट भात, कापणीनंतर कोळंबी आणि मासे.

खाडी म्हणजे माणसाच्या स्पर्शाने बिघडणारे निसर्गचित्र, ही आमची समजूत येथे टिकली नाही. हा प्रदेश माणसानेच घडवला आणि भांडत-भांडत राखला. शेतकऱ्याला पाणी कमी हवे, मानशीतली मासेमारी लिलावात घेणाऱ्याला जास्त. या दोघांमध्ये गावकरी संस्था उभी असे. गावकरीचे रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात नोंदवले. (त्या संस्थेत सत्ता गावकार घराण्यांतल्या पुरुषांचीच होती, हेही विसरू नये.)

१९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले. पुढे बांधांची निगा कुळांच्या संघांकडे गेली. पण भातापेक्षा मासळी किफायतशीर ठरली, दार अवेळी उघडे राहू लागले. खनिजवाहू बार्जांच्या लाटांनीही बांध खचवले. २०११ च्या किनारी अधिसूचनेने खाजनात विकासकामांना मनाई केली. मानशीची राखण कोणी करायची, हा प्रश्न गावातच राहिला. फुटलेल्या बांधाआडच्या शेतांत कांदळवन वाढते. कायद्याने तेही संरक्षित, त्यामुळे ते हटवून पुन्हा पेरणी करणे शेतकऱ्याला अवघड होते.