घाटाची उलटी वाट

मन खचलेलं असताना काय वाचावं, असं विचारलं की मराठी माणूस विनोदी पुस्तकं सुचवतो. चि. वि. जोशींचा चिमणराव, नाहीतर पु. ल. देशपांडे. आई गेली त्या पावसाळ्यात आमच्याही घरी हीच पुस्तकं आली. पण विनोदाला दाद द्यावी लागते. तेवढं बळ ना माझ्यात होतं, ना वडिलांमध्ये. आधार झाला तो गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’चा. तो का झाला, हे मावळचा इतिहास पाहिला की कळतं.

पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे १८५८ साली आली आणि १८६३ साली बोरघाट पार झाला. सह्याद्रीतल्या वाड्यावस्त्यांना मुंबई जवळ आली. भात पुरेना की घाट उतरायचा, गिरणीत नाहीतर गोदीत राबायचं आणि घरी मनिऑर्डर धाडायची, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं गणित होऊन बसलं. १९५०च्या दशकात दांडेकरांनी एका म्हाताऱ्याला या वाटेनं उलटा आणला. बुधा मुंबई सोडून लोणावळ्याजवळच्या राजमाचीवर परततो.

राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, खाली माची. एके काळी इथून बोरघाटावर पहारा असे. दांडेकर (१९१६–१९९८) जन्मानं परतवाड्याचे. लहानपणीच शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरले, गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिले आणि पुढे मावळात, तळेगाव दाभाड्याला स्थिरावले. किल्ले त्यांनी आयुष्यभर पायांखाली घातले. म्हणून बुधाचं रान सहलीला आलेल्याला दिसतं तसं नाही. तिथं राहणाऱ्याला दिसतं तसं आहे.

कादंबरीत घडामोडी फारशा नाहीत. म्हातारा, त्याचा टिप्या कुत्रा, झाडं, पाखरं, ऋतू. शेवटी बुधाही जातो. तरी पुस्तक जड होत नाही, कारण ते वाचणाऱ्याकडे काही मागत नाही. हसायलाही लावत नाही, सावरायलाही सांगत नाही. वडील म्हणाले, “मोठ्यानं वाच.” मग रोज रात्री पाच-सहा पानं वाचायची, असं ठरूनच गेलं. बुधा गेला त्या रात्री वडील आईबद्दल पहिल्यांदा बोलले.

दांडेकरांची कन्या वीणा देव आणि त्यांच्या कुटुंबीयांनी या कादंबऱ्यांची जाहीर अभिवाचनं वर्षानुवर्षं केली. हे गद्य कानांसाठीच आहे, हे त्यांनी आमच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

घाट उतरलेल्या बहुतेकांना बुधासारखं परतता आलं नाही. मागे मुलंबाळं होती, देणी होती, चाळीतली खोली होती. त्यांच्या मनातलं परतणं दांडेकरांनी एका म्हाताऱ्याच्या नावावर लिहून ठेवलं. वाईट दिवसांत माणसाला असंच पुस्तक लागत असावं: दुःख न लपवणारं, तरीही उद्या सकाळी कुत्र्याला भाकरी घालायची आहे, हे न विसरणारं.