जुना चार-ट्रॅक टेप रेकॉर्डर बाहेरच्या मिक्सरला कसा जोडायचा?

घरातल्या जुन्या लोखंडी ट्रंकेत एखादी कॅसेट सापडते. वरच्या कागदावर पेनाने मंडळाचं नाव आणि साल लिहिलेलं असतं. साध्या टेपमध्ये घातली की आवाज जाड आणि रेंगाळलेला येतो. बाजू पालटली तर कुणीतरी उलटं गातंय असं वाटतं. मग 'टेप गेली' म्हणून कॅसेट भंगारात जाते. पण बऱ्याचदा ती कॅसेट ठणठणीत असते. ती साध्या टेपवर भरलेलीच नसते, मल्टिट्रॅक टेप रेकॉर्डरवर भरलेली असते. ती नीट ऐकायची तर तसंच यंत्र लागतं, आणि त्यातले आवाज वेगवेगळे काढून पुन्हा जुळवायचे तर जोडीला मिक्सर लागतो.

बीड जिल्ह्यात भजन, भारूड, गोंधळ आणि शाहिरी गाणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. त्यातले अनेक कलाकार आता हयात नाहीत. त्यांचा आवाज कुठे शिल्लक असेल तर तो अशाच एखाद्या फितीवर. म्हणून ही जोडणी समजून घेणं हा नुसता हौशी लोकांचा विषय नाही.

चार ट्रॅक म्हणजे नेमकं काय?

कॅसेटमधली फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते. साध्या स्टिरिओ कॅसेटमध्येही तिच्यावर चार पट्टे असतातच, पण दोन 'ए' बाजूचे आणि दोन 'बी' बाजूचे. १९७९ साली जपानच्या टिअॅक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ १४४' नावाचं यंत्र काढलं. त्यात हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरले होते. शिवाय फितीचा वेग दुप्पट केला, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरऐवजी साधारण ९.५ सेंटिमीटर. त्यामुळे आवाज स्वच्छ झाला, पण ६० मिनिटांच्या कॅसेटवर फक्त १५ मिनिटं मावू लागली.

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. साध्या टेपमध्ये ही कॅसेट निम्म्या वेगाने फिरते, म्हणून आवाज एक सप्तक खाली जातो. आणि 'बी' बाजू लावली की तिसरा-चौथा ट्रॅक उलटा वाजतो.

कॅसेटच्या आधीपासून मोठी स्पूलवाली मल्टिट्रॅक यंत्रं होतीच. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे १९५७ सालीच अँपेक्स कंपनीचं आठ ट्रॅकचं यंत्र पोहोचलं होतं. पुढे टिअॅक ३३४० हे चार ट्रॅकचं आणि टॅस्कम ३८ हे आठ ट्रॅकचं स्पूल यंत्र छोट्या स्टुडिओंमध्ये चाललं. या दोन्हींत मिक्सर नसतोच, तो बाहेरूनच जोडावा लागतो. पोर्टास्टुडिओसारख्या यंत्रात मिक्सर आत असतो, पण तीस-चाळीस वर्षांनी त्याचे फेडर खरखर करतात, एखादा चॅनल मुका होतो. फितीवरचा आवाज मात्र शाबूत असतो. अशा वेळी आतला मिक्सर टाळून थेट बाहेरच्या मिक्सरवर जाणं हा सोपा आणि स्वस्त मार्ग.

प्रत्येक गाण्याला मल्टिट्रॅक लागतोच असं नाही

माजलगावच्या भीमनगरमध्ये १९९६ साली बायकांनी गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाचा तो भाग. बर्नार्ड बेल यांच्या मदतीने या प्रकल्पात १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं, आणि आज त्यातल्या ओव्या 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात.

अशा गाण्याला चार ट्रॅकची गरज नसते. एक बाई ओवी उचलते, दुसरी तिच्यात सूर मिसळते. त्यांना वेगवेगळं बसवून भरायचं म्हणजे त्यातला जीवच काढून घेणं. मल्टिट्रॅकचा उपयोग होतो तो पखवाज, पेटी, मुख्य गायक आणि मागचे टाळकरी अशी मांडणी असेल तेव्हा. पखवाज जोरात वाजतो आणि गायक दबतो, ही तक्रार नंतर दुरुस्त करता येते ती याच पद्धतीत.

वायर लावण्याआधी

पहिलं काम विजेचं. यंत्र परदेशातून आलेलं असेल तर मागची पट्टी वाचा. १२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर लावलं की धूर निघणार. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज कमी होतं, पण फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे, आपल्याकडे ५०. विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरणारी मोटर असलेली काही जुनी स्पूल यंत्रं त्यामुळे इथे सुमारे १७ टक्के सावकाश फिरतात आणि काळी चारची पट्टी पांढरी चारच्या आसपास येते. डीसी मोटरच्या कॅसेट यंत्रांना हा त्रास नाही.

दुसरं काम सफाईचं. हेड आणि फीत जाते तो मार्ग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. रबरी रोलरवर मात्र अल्कोहोल जपून, रबर कडक होतं. आतले पट्टे ढिले पडले असतील तर आधी बदलून घ्या, नाहीतर फीत गुंतते.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि हमखास विसरलं जाणारं. कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या जिभल्या मोडून टाका आणि यंत्रावरची चारही रेकॉर्ड बटणं 'सेफ'वर ठेवा. पुसलेला ट्रॅक परत येत नाही. आणि पहिली चाचणी जुन्या कॅसेटवर कधीच करू नका, एखादी बिनकामाची कॅसेट लावा.

मे महिन्यात पत्र्याच्या घरात तापलेली कॅसेट लगेच वाजवू नये. सावलीत एक दिवस ठेवावी, मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्यावी. १९७०-८० च्या काळातल्या काही स्पूल फिती चिकट होतात आणि हेडवर तपकिरी गाळ सोडतात. त्या वाजवायला जाऊ नका. त्यांना ठरावीक तापमानावर कित्येक तास शेकावं लागतं, आणि ते जाणकाराचं काम आहे, घरच्या ओव्हनचं नाही.

यंत्रातून मिक्सरकडे

यंत्राच्या मागे दोन प्रकारचे आउटपुट दिसतात. 'लाइन आउट' डावा-उजवा असा जोडीने असतो, त्यातून आतल्या मिक्सरने एकत्र केलेला आवाज येतो. आपल्याला हवेत ते 'टेप आउट' १, २, ३, ४. त्यातून प्रत्येक ट्रॅक वेगळा बाहेर पडतो. काही स्वस्त मॉडेलवर ते नसतातच. तेव्हा पॅनच्या बटणाने एक ट्रॅक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे करून दोन-दोन ट्रॅक काढावे लागतात.

टेप आउट बहुधा आरसीए असतात, म्हणजे जुन्या डीव्हीडीला लागायची तीच लाल-पांढरी पिन. मिक्सरच्या टोकाला मोठी जॅक लागते. आपल्याकडे दुकानात ती पी-३८ म्हणून मागितली जाते. अशा चार वायरी घ्या, एका बाजूला आरसीए आणि दुसऱ्या बाजूला मोनो पी-३८. त्या मिक्सरच्या पहिल्या चार चॅनलच्या 'लाइन इन'मध्ये जातील. कॅननच्या माइक इनपुटमध्ये लावू नका. माइकमधून काही मिलिव्होल्ट येतात आणि टेपमधून त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे आवाज फाटतो. मिक्सरवर ४८ व्होल्टचं फँटम बटण असेल तर ते बंद.

आता लेव्हल. जुन्या घरगुती यंत्रांची ठरावीक पातळी सुमारे ०.३ व्होल्टची असते. व्यावसायिक मिक्सर १.२ व्होल्ट धरून चालतो. हा फरक जवळपास १२ डेसिबलचा आहे. म्हणून टेपचा आवाज मिक्सरवर बारीक वाटतो आणि लोक यंत्र बिघडलं असं समजतात. फेडर शून्याच्या खुणेवर ठेवा, गेन सगळ्यात कमी ठेवा, फीत चालू करा आणि यंत्राचा काटा शून्यापाशी आला की मिक्सरचा मीटरही शून्यापाशी येईल इतका गेन वाढवा. चारही चॅनलला हे वेगवेगळं करावं लागतं.

खरखर कमी करणारी डॉल्बी किंवा डीबीएक्स पद्धत हा आणखी एक सापळा. भरताना जी वापरली तीच वाजवताना चालू हवी. डीबीएक्समध्ये भरलेली फीत तशीच वाजवली तर आवाज दाबलेला, कर्कश आणि श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. मिक्सरच्या ट्रेबलने ते दुरुस्त होत नाही. कॅसेटवर काही लिहिलेलं नसेल तर दोन्ही प्रकारे ऐकून कानाने ठरवा.

मिक्सरमधून यंत्राकडे

नवीन काही भरायचं असेल तर दिशा उलटी. माइक मिक्सरमध्ये, मिक्सरमधून यंत्राच्या इनपुटमध्ये. मिक्सरवर चार 'ग्रुप आउट' असतील तर प्रत्येक ग्रुप एका ट्रॅकला जोडा आणि प्रश्न मिटला. छोट्या मिक्सरवर फक्त डावा-उजवा मेन आउट असतो. तेव्हा एका वेळी दोनच ट्रॅक भरा. पखवाज पूर्ण डावीकडे, पेटी पूर्ण उजवीकडे.

आणखी एक जुनी युक्ती आहे. चॅनलवर 'इन्सर्ट'चं भोक असेल तर त्यात मोनो पिन पहिल्या 'टक्' आवाजापर्यंत, म्हणजे अर्धीच घालायची. बहुतेक मिक्सरमध्ये त्या चॅनलचा आवाज बाहेर मिळतो आणि मिक्सरमध्येही चालू राहतो. पूर्ण घातली तर मिक्सरमधला आवाज तुटतो.

मंडपवाल्याकडचा मिक्सर-अॅम्प्लिफायर वापरायचा मोह होतो. वापरा, पण 'लाइन आउट' किंवा 'रेकॉर्डिंग आउट'मधूनच. भोंग्याच्या वायरी लागतात त्या स्क्रूवर ७० किंवा १०० व्होल्टपर्यंत आवाजाचा विद्युतप्रवाह येतो. तो टेपच्या इनपुटला लागला तर यंत्र तिथेच संपलं.

दोन्ही दिशा एकाच वेळी जोडल्या की शिट्टीचा धोका असतो. टेपमधून आलेला आवाज मिक्सरच्या मेनवर आणि मेन परत टेपच्या इनपुटवर, असं वर्तुळ पूर्ण झालं की क्षणात किंकाळी फुटते. त्यावर उपाय एकच, टेपकडून येणारे चॅनल आणि टेपकडे जाणारा आउटपुट कधीही एकत्र करायचे नाहीत. टेपचे चॅनल मेनवर ऐका आणि ग्रुप किंवा ऑक्समधून टेपला पाठवा.

तीन हेड असलेल्या स्पूल यंत्रावर आधीचा ट्रॅक ऐकत नवीन भरताना 'सिंक' बटण दाबलेलं हवं. भरायचं हेड आणि वाजवायचं हेड यात अंतर असतं, त्यामुळे सिंक नसेल तर नवा पखवाज जुन्या गाण्याच्या मागे पडतो. कॅसेटच्या यंत्रात एकच हेड दोन्ही कामं करतं, तिथे हा प्रश्न येत नाही.

घुंई आवाज आला तर

सगळं जोडलं आणि मागे एकसारखी घुंई येते आहे. हा बहुधा टेपचा दोष नसतो, अर्थिंगचा असतो. यंत्र एका प्लगवर आणि मिक्सर दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर असेल तर दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. निम्मे त्रास इथेच संपतात. अर्थची पिन कापून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका, घुंई जाईल पण शॉक बसण्याची भीती येईल. त्याऐवजी मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर काम चालू ठेवलं तर साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरमुळे वेगळीच चिरचिर येते. शेजारी पाण्याची मोटर चालू झाली तरी काटा हलतो. जुनी फीत उतरवून घ्यायचं काम रात्री उशिरा, वीज स्थिर असताना केलेलं बरं.

कॉम्प्युटरवर घेताना

यूएसबी असलेले बरेच मिक्सर कॉम्प्युटरकडे फक्त डावा-उजवा असा एकत्र आवाज पाठवतात. चार ट्रॅक वेगळे जपायचे असतील तर चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस किंवा प्रत्येक चॅनल वेगळा पाठवणारा मिक्सर लागतो. आज दोन ट्रॅक आणि उद्या दोन ट्रॅक असं केलं तर ते नंतर तंतोतंत जुळत नाहीत, कारण जुन्या मोटरचा वेग दर वेळी किंचित बदलतो. जागतिक ध्वनिसंग्रहालयांच्या संघटनेची शिफारस २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झची आहे, ९६ असेल तर उत्तम. एमपी-३ नंतर व्हॉट्सअॅपसाठी करा, मूळ फाइल वेव्हमध्येच ठेवा. उतरवून घेताना मिक्सरचे बेस-ट्रेबल मधोमध असू द्या. आवाज सजवायचं काम कॉपीवर करता येतं.

फाइलच्या नावात आणि कॅसेटच्या डबीवर फितीचा वेग, डॉल्बी की डीबीएक्स, आणि कुठल्या ट्रॅकवर कोण आहे ते लिहून ठेवा. गायकाचं आणि गावाचं नाव सांगणारं कुणी घरात असेल तर तेही त्याच दिवशी विचारून घ्या.